चित्रकलेच्या तासाला काढलेले कागद

(संस्थेच्या वार्षिक स्नेहसंमेलनात एका माजी विद्यार्थिनीने केलेले भाषण)



चिटणीस साहेबांचे पत्र मला मिळाले तेव्हा त्यात "आपल्या यशाविषयी दोन शब्द बोलावेत" असे लिहिले होते. मी मुंबईच्या एका कला महाविद्यालयात दुसऱ्या वर्षाला शिकते आहे. दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थिनीजवळ यश म्हणून दाखविण्यासारखे काय असणार? रंगाने माखलेली ओढणी आणि पुढच्या आठवड्याच्या सबमिशनची काळजी, एवढेच. म्हणून साहेबांच्या परवानगीने मी विषय थोडा बदलून घेतला आहे. पाचवी ते दहावी या सहा वर्षांत याच शाळेत मी जी चित्रे काढली, त्यांविषयी मी बोलणार आहे. त्यांपैकी त्रेचाळीस कागद अजून माझ्याजवळ आहेत. गेल्या सुट्टीत मी ते सालवार लावले आणि परक्याचे काम पाहावे तसे पाहिले. पाहताना जे मनात आले तेच आपल्यापुढे ठेवते.

पहिले पाच-सहा कागद तुम्हांला दाखविण्याची गरज नाही. ते चित्र तुम्ही सर्वांनी पाहिले आहे, बहुतेकांनी काढलेलेही आहे. दोन त्रिकोणी डोंगर, त्यांच्या मधोमध दात काढल्यासारखी किरणे असलेला सूर्य, डोंगरातून निघालेली नदी, नदीकाठी गवताची झोपडी, दोन माड आणि आभाळात मराठी ४ च्या आकड्यासारखे पक्षी. महाराष्ट्रातील कोणत्याही शाळेत जा, पाचवीच्या वहीत हे चित्र सापडतेच. ते कोणी शिकवत नाही. मोठ्या भावाच्या वहीतून धाकट्या बहिणीच्या वहीत ते आपोआप उतरते.

आमच्या चित्रकलेच्या सरांनी ते पाहून वर्गाला एकच प्रश्न विचारला होता, "हे गाव कोणते?" आम्ही म्हणालो, "आपलेच." सर म्हणाले, "आपल्या गावात झोपडी कुणाची आहे?" खरेच, आपल्याकडे जांभ्या दगडाच्या भिंती आणि मंगळुरी कौले. सह्याद्री आपल्या पूर्वेला, तोही लांब, निळसर, आडव्या पट्टीसारखा. त्रिकोणी तर मुळीच नव्हे. आपला सूर्य संध्याकाळी खाडीच्या तोंडाशी पाण्यात उतरतो. पुढच्या तासाला सरांनी सर्वांना वर्गाच्या खिडकीतून जे दिसते तेवढेच काढायला सांगितले. खिडकीतून दिसत होते शाळेचे पाण्याचे पिंप, सायकलींची रांग आणि शेजारच्या वाडीतला फणस. तो कागद माझ्याजवळ आहे. चित्र बेताचेच आहे; पण त्यातल्या फणसाचे फळ फांदीच्या टोकाला लटकत नसून खोडालाच धरलेले आहे. डोंगर-सूर्याच्या चित्रात असे काही शोधायची सोयच नसते.

आठवीत आम्ही एलिमेंटरी परीक्षेला बसलो. पालकांपैकी अनेकांना ही परीक्षा नावाने ठाऊक असेल. राज्याच्या कला संचालनालयातर्फे एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट अशा दोन ग्रेड परीक्षा घेतल्या जातात. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र आणि भूमिती-अक्षरलेखन असे त्यांचे विषय. वस्तुचित्राच्या सरावासाठी सरांनी टेबलावर काय ठेवावे? मशिदीत वजूसाठी असतो तसला तोटीचा लोटा. आम्ही हसलो. रोज हाताळलेली वस्तू, तिचे काय चित्र काढायचे! वर्गातल्या जवळजवळ प्रत्येकाने वरचे तोंड लांबट गोल काढले आणि बूड सरळ रेषेने, पट्टीने ओढल्यासारखे बंद केले. लोटा सपाट टेबलावर ठेवलेला, मग बूड सरळच असणार, असा आमचा हिशेब.

सरांनी काचेचा पेला अर्धा पाण्याने भरला आणि प्रत्येकाच्या डोळ्यांसमोर धरून हळूहळू खाली नेला. डोळ्यांच्या बरोबर उंचीवर पाण्याचा गोल म्हणजे निव्वळ एक रेषा. पेला थोडा खाली गेला की ती रेषा उघडते आणि लंबगोल होतो. आणखी खाली गेला की तो लंबगोल फुगत फुगत जवळजवळ पूर्ण गोल होतो. याचा अर्थ असा, की लोट्याचे बूड त्याच्या तोंडापेक्षा डोळ्यांच्या रेषेपासून अधिक खाली आहे, म्हणून बुडाची वक्ररेषा तोंडाच्या वक्रतेपेक्षा थोडी जास्तच भरदार हवी. एवढीशी गोष्ट, पण त्या दिवशी घरी जाताना मला विहिरीचा काठ, चुलीवरची हंडी, कोळणीची पाटी, जे जे गोल ते सर्व लंबगोल दिसू लागले. अम्मा म्हणाली, "ही पोर भातात काय शोधते आहे?" मी ताटाचा काठ पाहत होते.

माझ्याजवळ लोट्याचे सात कागद आहेत. पहिल्यात लोटा हवेत तरंगतो. सातव्यात तो टेबलावर बसलेला आहे, त्याची सावली टेबलाला चिकटली आहे आणि पितळेवर खिडकीचा एक पांढरा चौकोन चमकतो आहे. मधल्या पाच कागदांवर सरांच्या लाल पेन्सिलीच्या खुणा आहेत. कला महाविद्यालयाच्या प्रवेशपरीक्षेतही वस्तुचित्र असतेच. तेथे माझ्यापुढे वेगळ्या वस्तू होत्या, परंतु काढताना मनात तो लोटाच होता.

स्मरणचित्राची कथा निराळी. त्यात समोर काही ठेवलेले नसते. आठवडा बाजार, एस.टी. स्टँड, पावसातला रस्ता असे विषय देतात, आणि जे पाहिले असेल ते आठवून काढायचे. अशा विषयांत माणसे आल्याशिवाय कशी राहतील? आणि येथे आमच्यापैकी काहींच्या घरी प्रश्न निर्माण झाला. जिवंत प्राण्याचे, विशेषतः माणसाच्या चेहऱ्याचे चित्र काढावे की काढू नये, यावर आपल्या घराघरांत वेगवेगळा विचार आहे. मसला सांगण्याचा मला अधिकार नाही आणि या व्यासपीठावरून मी तो सांगणारही नाही. मात्र एका गोष्टीची नोंद करावीशी वाटते. आपली दाभोळची खाडी ज्या आदिलशाहीत होती, त्याच आदिलशाहीच्या विजापूर दरबारात दुसरा इब्राहीम आदिलशाह (१५८० ते १६२७) याच्या पदरी चित्रकार होते आणि त्यांनी काढलेली बादशहाची चित्रे आज जगातल्या मोठमोठ्या संग्रहालयांत जपून ठेवलेली आहेत. तेव्हा चित्रकला ही बाहेरून कोणी आपल्यावर लादलेली वस्तू आहे, असे तरी कोणी समजू नये.

सरांनी यावर वाद घातला नाही. ते म्हणाले, "पाऊस काढा." कोकणातला पाऊस म्हणजे छत्र्या. माझ्या एस.टी. स्टँडच्या चित्रात चौदा छत्र्या आहेत आणि चेहरा एकही नाही. कुणी पाठमोरे, कुणी वाकून चप्पल शोधते आहे, कुणी गोणपाटाची खोळ पांघरलेली. पण प्रत्येक छत्रीखाली कोण आहे ते मला आजही सांगता येते, कारण तिरक्या धरलेल्या छत्रीवरून आणि पायांच्या फाकण्यावरून माणूस ओळखू येतो. मासळीवाली छत्री खांद्यावर टाकते. नवीन लग्न झालेली मुलगी दोन्ही हातांनी धरते. आमच्या शाळेचे शिपाईमामा छत्री असूनही भिजतात. हे मी कुठल्या पुस्तकात वाचलेले नाही. स्टँडवर उभे राहून पाहिले, तेही सरांनी "उद्या येताना पाहून या" असे बजावले होते म्हणून.

घरी प्रश्न काढला तो दादीने. मी तिला समोर बसवून तिचे चित्र काढायला घेतले तेव्हा ती म्हणाली, "चेहरा नको काढू बाय. हात काढ. हातांनी काही वाईट केलेले नाही." मी हात काढले. दुपारी जेवणानंतर दादी पानदान उघडून बसे आणि अडकित्त्याने सुपारी कातरे, तेवढा वेळ माझा. एका महिन्यात अकरा कागद झाले. हात काढणे फार कठीण, हे कोणीही चित्रकार सांगेल. बोटे मोजून पाच, पण अडकित्त्यावर आवळली की दोनच दिसतात आणि उरलेल्या तिघांचा अंदाज सांध्यांच्या उंचवट्यांवरून द्यावा लागतो. दादीच्या अंगठ्याचे नख एका बाजूने चिरलेले होते. सहाव्या कागदापर्यंत ते मला दिसलेच नव्हते. एवढी वर्षे त्या हातांनी मला घास भरविला आणि नख दिसले ते पेन्सिल हातात आल्यावर. अकरावा कागद दादीला दाखविला. तिने तो लांब धरून बराच वेळ पाहिला आणि म्हणाली, "हात माझेच आहेत. पण सुपारी चिकणी की पांढरी, ते कळत नाही." माझ्या चित्रांवर आजवर झालेल्या टीकेत ही सर्वांत नेमकी टीका आहे असे मी समजते. सुपारीचा काप, त्याचे दाणेदार अंग, तपकिरी शिरा, हे सर्व मी वरवर उरकले होते हे तिने बरोबर हेरले.

आता संकल्पचित्र. याला पूर्वी नक्षीकाम म्हणत. दिलेल्या आकारात फुले-पाने भरायची आणि रंगवायची, असा साधारण समज. नववीत आमची सहल औरंगाबादला गेली होती. त्या शहराचे नाव २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगर झाले. तेथे सतराव्या शतकातील बीबी का मकबरा आम्ही पाहिला. आत गेल्यावर कबर खालच्या पातळीवर आहे, आपण वरून वाकून पाहतो, आणि तिच्याभोवती संगमरवरी जाळीचा अष्टकोनी कठडा आहे. मुलींनी फोटो काढले. मी जाळीची भोके मोजीत बसले आणि मोजता मोजता बस सुटायची वेळ झाली.

गावी आल्यावर सरांनी मला कंपास घेऊन बसविले. वर्तुळ काढ, त्याचे आठ भाग कर. एक चौरस सरळ काढ, दुसरा त्याच वर्तुळात पंचेचाळीस अंश फिरवून काढ. झाला आठ टोकांचा तारा. असे तारे शेजारी शेजारी, वर-खाली, टोकाला टोक लावून काढीत जा. मी काढीत गेले. चार तारे पूर्ण झाले तेव्हा त्यांच्या मधल्या रिकाम्या जागेत एक टोकदार फुली आपोआप तयार झालेली दिसली. ती मी काढली नव्हती. तारे रंगवले तर फुल्या मागे जातात, फुल्या रंगवल्या तर तारे मागे जातात. इराणमध्ये तेराव्या शतकात याच दोन आकारांच्या फरशा भाजून भिंती मढवीत असत, हे मला महाविद्यालयात कळले. पण मोकळी जागासुद्धा एक आकार असते ही गोष्ट मी शाळेच्या बाकावर शिकले, आणि आज आम्हांला जे शिकवतात त्यातला निम्मा भाग हाच आहे असे मला वाटते.

याच भूमितीने माझे एक मोठे काम केले, ते सांगितल्याशिवाय पुढे जात नाही. माझे अब्बा कुवेतला लोखंडी सांगाडे जोडण्याच्या कामावर आहेत. दहावीनंतर मी चित्रकलेकडे जायचे म्हणते हे कळल्यावर त्यांनी फोनवर विचारले, "त्याने पोट भरते का?" वडिलांनी हे विचारू नये तर कोणी विचारावे? मुलीला परगावी ठेवायचे, चार वर्षांची पदवी, कागद-रंगांचा खर्च. त्यांनी तेथे उन्हात उभे राहून मिळविलेला प्रत्येक दिनार त्या प्रश्नात होता. मी उत्तर दिले नाही. ते सुट्टीवर आले तेव्हा माझी फाईल त्यांच्यापुढे ठेवली. डोंगर-सूर्य उलटले, लोटा उलटला, दादीच्या हातांपाशी थोडे थांबले. मग इंटरमिजिएटच्या घनभूमितीचा कागद आला. एक पिरॅमिड, तिरपा कललेला, त्याचा वरून दिसणारा प्लॅन आणि समोरून दिसणारे एलेव्हेशन. अब्बा ताठ बसले. "हे तू काढलेस?" म्हणाले. "आमच्या साइटवर रोज हाच कागद येतो. इंजिनीयर काढतो आणि आम्ही त्यावरून लोखंड कापतो." मग त्यांनी मला तो कागद वाचून दाखविला. चित्र वाचून दाखविले, हे मी मुद्दाम सांगते. कोणती कड मागे आहे, कोणती तुटक रेषेने दाखवायची, कुठे जोड येईल. आम्हा दोघांचा धंदा एकच निघाला. त्या रात्री त्यांनी अम्माला सांगितले, "जाऊ दे तिला."

महाविद्यालयात गेल्यावर मला आणखी दोन नावे भेटली, आणि या सभागृहातल्या मुलींनी ती ऐकावीत म्हणून सांगते. एक नसरीन मोहम्मदी. १९३७ साली कराचीत जन्म, वडिलांचा व्यवसाय बहरीनला, म्हणजे आखाताशी नाते आपल्यासारखेच. त्यांनी बडोद्याच्या विद्यापीठात अनेक वर्षे चित्रकला शिकविली. त्यांची चित्रे म्हणजे शाई-पेन्सिलीने ओढलेल्या बारीक, समांतर, तिरप्या रेषा. आजाराने हातावरचा ताबा सुटत चालला होता तरी त्या पट्टी-कंपास घेऊन अशा रेषा ओढीत की कागद श्वास घेतो आहे असे वाटावे. १९९० साली त्या आपल्याच कोकण किनाऱ्यावर, अलिबागजवळच्या किहीमला वारल्या. दुसऱ्या झरीना हाश्मी. जन्म १९३७, अलीगढचा. शिक्षण गणिताचे. पुढे त्या लाकडी ठशांवरून चित्रे छापू लागल्या. 'होम इज अ फॉरेन प्लेस' ही १९९९ सालची त्यांची छत्तीस ठशांची मालिका आहे. प्रत्येक ठशात एकेक उर्दू शब्द आणि त्या शब्दाचे, थोड्याशा सरळ रेषांत, घराच्या नकाशासारखे चित्र. देशोदेशी राहून २०२० मध्ये त्या लंडनला निवर्तल्या. या दोघींची चित्रे मी प्रथम पाहिली तेव्हा इतर मुले म्हणाली, "यात काय आहे? नुसत्या रेषा." मला मात्र सरांच्या तासाला कंपास घेऊन बसल्यासारखे वाटले.

अक्षरलेखनाविषयी थोडक्यातच सांगते, कारण त्यात माझी गती बेताची. उर्दूच्या बाईंनी आम्हांला दाखविले होते, की खुशनवीस अलिफची उंची पट्टीने मोजत नाही. ज्या कलमने लिहायचे त्याच कलमने नुक्ते टाकून मोजतो. देवनागरीसाठी आम्ही चौकटी आखून लिहीत होतो. स्नेहसंमेलनाचा फलक दोन्ही लिप्यांत रंगविला तेव्हा मराठीची ओळ डावीकडून आणि उर्दूची उजवीकडून सुरू करून मधे सजावटीला जागा सोडली होती. ती जागा शेवटी अध्यक्षांच्या नावाला द्यावी लागली!

आता गुणांविषयी. दहावीच्या परीक्षेत इंटरमिजिएटच्या अ श्रेणीला ७, ब ला ५ आणि क ला ३ असे वाढीव गुण मिळतात. पालक मुलांना या परीक्षेला बसवितात ते मुख्यतः यासाठी, आणि त्यात मला गैर काही दिसत नाही. सात गुणांनी एखाद्याचा प्रवेश होतो. पण गुण पदरात पडले की दुसऱ्या दिवशी रंगपेटी माळ्यावर जाते, त्याचे काय करावे? आमच्या वेळी इंटरमिजिएटला आम्ही अकरा जणी बसलो होतो. आज ब्रश हातात असलेली मी एकटीच. वस्तुतः त्या अकरा जणींत माझा क्रमांक तिसरा-चौथा असे. माझ्याहून फार सरस हात असलेली एक मैत्रीण होती. तिचे नाव घेत नाही, तिला आवडणार नाही. ओल्या कागदावर रंग सोडून पाणी दाखविणे तिला जसे जमे तसे वर्गात कुणालाच जमत नसे. तिचे दहावीनंतर शिक्षण थांबले. घरात कुणी दुष्ट नव्हते. शहरात ठेवायला नातेवाईक नव्हते, वसतिगृहाची माहिती नव्हती, आणि "चित्रकलेला कोण पाठवितो" हा प्रश्न सर्वांना इतका स्वाभाविक वाटला की तो विचारलासुद्धा गेला नाही. हल्ली ती लग्नसराईत मेंदी काढते आणि मुंबईहून तिला बोलावणी येतात, असे ऐकते. तिच्या हाताला काम आहे याचा मला आनंद आहे. तरीही अब्बांनी मला जो प्रश्न विचारला, तो तिला कोणी विचारला असता तर तिनेही आपली फाईल पुढे ठेवली असती.

संस्थेच्या पदाधिकाऱ्यांना माझ्या दोनच विनंत्या आहेत. जानेवारीनंतर चित्रकलेचे तास गणिताला दिले जातात, ते निदान आठवी-नववीचे तरी देऊ नयेत. आणि चित्रकलेच्या खोलीत एक लाकडी कपाट असावे, कागद आडवे ठेवता येतील अशा खणांचे. वर्षाअखेर मुलांची चित्रे रद्दीत जातात. पावसाळ्यात आपल्याकडे दमट हवेने कागदाला बुरशी धरते, तेव्हा मधे मधे वर्तमानपत्राचे कागद घालावे लागतील. मुलांनो, तुम्ही चित्राच्या पाठीमागे तारीख मात्र घाला. माझ्या त्रेचाळीस कागदांपैकी नऊ कागदांवर तारीख नाही आणि ते कोणत्या इयत्तेचे ते मला रेषांवरून ओळखावे लागले.

माझे कागद सभागृहाबाहेरच्या व्हरांड्यात लावले आहेत. त्यांच्या शेजारी दुसऱ्या हाताची चार जलरंगातली चित्रे दिसतील. ती मी त्या मैत्रिणीकडून मागून आणली आहेत. त्यांतल्या तिसऱ्या चित्रात भरतीच्या वेळची खाडी आहे आणि बांधून ठेवलेली एक होडी आहे. होडीचे प्रतिबिंब तिने कागद ओला असतानाच दोन फटकाऱ्यांत टाकले आहे. कडा कुठे पसरू द्यायची आणि कुठे थांबवायची, ते जरा जवळ जाऊन पाहावे. मी गेली दोन वर्षे प्रयत्न करते आहे, मला अजून तसे साधलेले नाही.